घंटा पणजीत, अस्थी जॉर्जियात : जुन्या गोव्यातील एका मठाची कथा

१/ जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर जांभ्या दगडाचा एक भग्न मनोरा उभा आहे. एके काळी त्याची उंची ४६ मीटर होती. सेंट ऑगस्टीनच्या मठाची एवढीच खूण आज दुरून दिसते.

२/ ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. १५९७ ते १६०२ या काळात त्यांनी येथे भव्य चर्च उभारले. या पंथाचे धर्मप्रसारक गोव्याहून इराणपर्यंत जात. पुढची कथा त्याच वाटेने आली.

३/ पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यातील या मठात आणल्या.

४/ दोन शतकांनंतर मठावरच संकट आले. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथांचे मठ बंद केले. १८३५ मध्ये तो हुकूम गोव्यात लागू झाला. साधू गेले, वास्तू ओस पडली.

५/ देखभाल थांबताच पडझड सुरू झाली. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. १८७१ मध्ये मनोऱ्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला.

६/ मात्र कागद टिकला होता. अस्थींची पेटी मठाच्या कोणत्या दालनात, कोणत्या खिडकीपाशी ठेवली आहे, हे जुन्या पोर्तुगीज नोंदींत लिहिलेले होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसून त्या दालनाचा माग काढला. २००५ च्या सुमारास तेथे एक हाड हाती लागले.

७/ ते राणीचेच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए तपासला. आईकडून मिळणाऱ्या डीएनएचा जो गट त्यात आढळला, तो भारतीय नमुन्यांत नव्हता; जॉर्जियातील नमुन्यांत मात्र होता. नोंद, जागा आणि डीएनए या तिन्ही गोष्टी जुळल्या.

८/ २०२१ मध्ये भारताने या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. तेथे केतेवान संत मानली जाते.

९/ एका हुकुमाने मठ ओस पडला आणि शे-सव्वाशे पावसाळ्यांनी तो जमीनदोस्त केला. तरीही कुणा लेखनिकाने नीट लिहून ठेवलेल्या खिडकीच्या जागेमुळे चार शतकांनी एका राणीला आपली भूमी पुन्हा लाभली.