वाफेपासून दळणापर्यंत : घरगुती एस्प्रेसोची वाटचाल

लग्नाच्या कार्यालयात, जेवणाच्या दालनाबाहेर, एका टेबलावर चकचकीत नळकांडे मांडलेले असे. त्यामागचा माणूस कपात कॉफीची पूड आणि साखर घोटून दूध ओतायचा, वाफेची नळी त्यात बुडवायचा, फुस्स असा मोठा आवाज व्हायचा आणि फेस काठापर्यंत यायचा. वरून चॉकलेटची भुकटी. या पेयाला आपण ‘एस्प्रेसो कॉफी’ म्हणत आलो. पुढे कधीतरी खऱ्याखुऱ्या कॅफेत एस्प्रेसो मागवली आणि समोर दोन घोटांची, काळी, कडसर कॉफी आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटले असेल की वाढप्याची काहीतरी गफलत झाली.

गफलत कुणाचीच नव्हती. मांडवातल्या यंत्राकडे फक्त वाफ होती, आणि एस्प्रेसोचा जन्मही वाफेतूनच झाला. वाफेपासून सुरू झालेली ही गोष्ट आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन पोचली आहे. तिचा माग काढला तर एक गमतीची बाब दिसते. घरी एस्प्रेसो करू पाहणारा माणूस पाच-दहा वर्षांत ज्या चुका करतो आणि ज्या सुधारणा करतो, त्या बहुतेक त्याच क्रमाने शंभर वर्षांत होऊन गेलेल्या आहेत.

१८८४ साली इटलीतील तुरीन शहराच्या प्रदर्शनात अँजेलो मोरिओंदो यांनी वाफेच्या मदतीने कॉफी करणारे यंत्र मांडले आणि त्याच वर्षी त्याचे पेटंट घेतले. ते एका वेळी पुष्कळ कपांची कॉफी करी. एकेका गिऱ्हाइकासाठी ताजी कॉफी उतरवण्याची कल्पना मिलानच्या लुइजी बेझेरा यांच्या १९०१ च्या पेटंटात आली. कॉफीची पूड भरायची मुठीची गाळणी आणि ती यंत्राला अडकवायची रीत आजही आपल्या ओळखीची आहे. हे हक्क देझिदेरिओ पाव्होनी यांनी घेतले आणि १९०६ च्या मिलान येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते यंत्र लोकांसमोर आले. ‘एस्प्रेसो’ या शब्दात तिन्ही अर्थ मुरले आहेत : दाबून काढलेली, झटपट आणि खास तुमच्यासाठी केलेली.

या यंत्रांची अडचण कुकर वापरणाऱ्या कोणालाही चटकन कळेल. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो. कुकरमध्ये त्याहून सुमारे १ बार जास्त दाब साठतो, तेव्हा आतले पाणी १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. वाफेच्या जोरावर दाब वाढवायचा तर उष्णताही वाढवावीच लागते. दोन्हींची गाठ पक्की आहे. आज एस्प्रेसोसाठी ९ बार दाब प्रमाण मानला जातो. तो नुसत्या वाफेने मिळवायचा म्हटले तर पाणी १८० अंशांपर्यंत तापवावे लागेल, आणि कॉफीला तर हवे असते ९० ते ९६ अंशांचे पाणी. म्हणून वाफेची यंत्रे दीड-दोन बारांपाशी अडली. कॉफी झटपट येई, पण करपट येई.

घराच्या ओट्यावर पहिल्यांदा पोचली ती हीच वाफ. १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून ‘मोका एक्स्प्रेस’ हे ॲल्युमिनियमचे अष्टकोनी भांडे बाहेर पडले. खालच्या भागात पाणी, मधल्या गाळणीत कॉफी आणि वरच्या भागात उतरलेला अर्क. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलगा रेनातो यांनी मोठ्या जाहिराती करून ते इटलीत घरोघरी पोचवले. आजचे जाणकार ‘मोकाची कॉफी म्हणजे एस्प्रेसो नव्हे’ असे ठासून सांगतात. ते खरे असले तरी १९३३ साली बारमधली कॉफीही वाफेचीच होती, हे ते विसरतात. इटलीत बार म्हणजे उभ्याउभ्या कॉफी घेण्याचे ठिकाण. त्या काळी बार आणि घर यांत फार अंतर नव्हते.

अंतर पडले ते १९४८ च्या सुमारास. मिलानचे अकिले गाज्जा हे स्वतः कॉफी बार चालवत. त्यांनी दाब आणि उष्णता यांची गाठ सोडवली. बॉयलरचे काम फक्त पाणी तापवण्याचे. ते पाणी एका नळकांड्यात घ्यायचे, तरफ खाली ओढून स्प्रिंग आवळायची आणि सोडून द्यायची. स्प्रिंग दट्ट्याला रेटते आणि पाणी ८ ते १० बार दाबाने कॉफीतून जाते. या दाबाने कॉफीतली तेले आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडून वर तांबूस फेसाचा थर जमला. गिऱ्हाइके तो पाहून आधी बिचकली, असे सांगतात. कपाचे लहान मापही याच दट्ट्याची देणगी, कारण नळकांड्यात मावेल तेवढेच पाणी मिळे. १९६१ मध्ये ‘फाएमा’ कंपनीने ‘ई-६१’ हे यंत्र आणले. त्यात स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप होता. त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले.

आता मोका मागे पडली आणि पुढची घरगुती यंत्रे हे पडलेले अंतर कापण्यासाठी धडपडू लागली. साठच्या दशकात ‘ला पाव्होनी’चे ‘युरोपिकोला’ हे हाताने रेटायच्या तरफेचे छोटे यंत्र घरात आले. त्यात स्प्रिंग नव्हती. दाब म्हणजे तुमच्या दंडाचा जोर. पहिले दोन-तीन कप झकास उतरत, मग धातू तापे आणि पुढची कॉफी करपे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘गाज्जा’च्या ‘बेबी’सारख्या यंत्रांनी छोटा थरथरता पंप घरात आणला. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला ५० ठोके मारतो. आज खोक्यावर ठळक छापलेला ‘१५ बार’ हा आकडा याच पंपाच्या कमाल ताकदीचा आहे. कॉफीला तेवढा दाब नको असतो. म्हणूनच हौशी मंडळी आतली दाबाची झडप सैल करून तो ९ बारांवर आणतात.

दाबाचा प्रश्न सुटला तसा उष्णतेचा पुढे आला. १९९७ मध्ये आलेले ‘रान्चिलिओ सिल्व्हिया’ हे दणकट यंत्र हौशी लोकांचे लाडके झाले, पण त्याचा साधा थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान बरेच खाली-वर होऊ देई. बटण नेमके कधी दाबायचे याचा अंदाज बांधणे ही एक वेगळी साधनाच होऊन बसली. मग २००० च्या आसपास काहींनी कारखान्यांच्या भट्ट्यांत वापरतात तसा ‘पीआयडी’ नियंत्रक आणून या यंत्राला जोडला. या नियंत्रकामागचे गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी मांडले होते. जहाज किती ढळले, किती वेळ ढळलेले आहे आणि किती वेगाने ढळते आहे, हे तिन्ही पाहून कसलेला सुकाणूधारी चाक फिरवतो. तेच शहाणपण आता छोट्याशा बॉयलरला मिळाले. पुढे कंपन्यांनीही ही सोय कारखान्यातच द्यायला सुरुवात केली.

दाब जागेवर, उष्णता जागेवर, तरी कॉफी एके दिवशी आंबट आणि दुसऱ्या दिवशी कडू. उरला होता तो प्रश्न दळणाचा. शेतात पाणी भरताना वाफ्याचा बांध एका जागी खचला की सगळे पाणी तिकडून धावते आणि बाकीचे रोप कोरडे राहते. कॉफीच्या चकतीत तेच होते. पूड कुठे जाड, कुठे बारीक असली की ९ बारांचे पाणी सोपी वाट शोधते. त्या वाटेवरची कॉफी कडू होईपर्यंत धुतली जाते आणि बाकीची कच्ची राहते. म्हणून फिरत्या पात्याने दाणे तोडून भागत नाही. जात्यासारखी दोन चक्रे लागतात आणि त्यांच्यातले अंतर केसाइतके कमी-जास्त करता यावे लागते. ऑरेगन विद्यापीठातील क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले, की दळण फार बारीक केले तर उलट पाणी अडते आणि अर्क असमान उतरतो. २० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम कॉफी थोडी जाड दळून घेतली, तर कपागणिक चव अधिक सारखी येते. दळताना दाण्यांत स्थिरविद्युत निर्माण होते आणि आधी पाण्याचे थोडे थेंब शिंपडले तर ती कमी होते, हे याच गटाने २०२३ मध्ये मांडले. घरोघरच्या हौशींनी ही युक्ती आधीच शोधलेली होती. प्रयोगशाळेने तिचे कारण सांगितले.

ही सगळी कटकट टाळणारी एक आडवाटही आहे. नेस्ले कंपनीतील एरिक फाव्र यांच्या कल्पनेतून आलेली ‘नेस्प्रेसो’ १९८६ मध्ये बाजारात आली. त्यात दळण आणि माप कारखान्यातच होऊन छोट्या डबीत बंद होते. घरी उरते ते बटण दाबणे. पण ज्याला आपल्या हाताने काही करायचे आहे, त्याच्यासाठी तिथे कामच शिल्लक नाही.

मी स्वतः या हौसेत पडलो तेव्हा सगळे पैसे यंत्रावर घातले आणि कॉफी घरच्या मिक्सरमध्ये दळली. यंत्रासोबत आलेल्या दुपदरी गाळणीला खाली एकच बारीक छिद्र होते. त्यातून रेटल्यामुळे कसल्याही पुडीला फेस यायचा आणि मी त्या फेसावर खूश होतो. साधी गाळणी लावली त्या दिवशी पाणी पाच सेकंदांत भसकन खाली आले. आधीचे यंत्र कमी पडते आहे असे समजून मी आणखी महागडे घेतले. भसकन येणारे पाणी तसेच राहिले. वर बोअरवेलच्या जड पाण्याने वर्षभरात नव्या बॉयलरमध्ये क्षाराचा थर धरला. शेवटी दळणयंत्र आणले, पाणी बदलले, आणि जुन्याच यंत्रातून ३० सेकंदांत मधासारखी धार पडली. त्या वेळी झालेल्या आनंदात झालेल्या खर्चाची चुटपूटही होती.

म्हणून या इतिहासाचा उपयोग सांगायचा तर एवढाच : तो वाचावा सुरुवातीपासून, पण खरेदीच्या वेळी शेवटाकडून सुरू करावे. इतिहासाने आधी दाब सोडवला, मग उष्णता, आणि दळण सर्वांत शेवटी. घरात मात्र आधी ताजे दाणे, चांगले दळणयंत्र आणि मऊ पाणी हवे, यंत्र त्यानंतर. दाण्यांसाठी तर आपल्याला लांब जायलाच नको. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक वर्षानुवर्षे इटलीच राहिला आहे. आपला रोबस्टा आणि पावसाळी वाऱ्यात मुरवलेला ‘मान्सून्ड मलबार’ तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणात जातो. म्हणजे त्या दोन घोटांच्या कॉफीत सह्याद्रीचा पाऊस आधीपासूनच होता; दूर होते ते फक्त आपले स्वयंपाकघर.

परवा एका कार्यालयात ते जुने नळकांडे पुन्हा दिसले. रांगेत उभा राहिलो. माझ्या ओट्यावरची कॉफी त्याहून कितीतरी सरस होते, यात शंका नाही. पण पुढे उभ्या असलेल्या आजोबांनी दोन कप घेऊन त्यातला एक न विचारता माझ्या हातात दिला. घरी मी कॉफी एकट्यासाठीच करतो, हे तेव्हा लक्षात आले.