विश्वासानं सोपवलेली कामं : सेवाग्रामची उत्तर बुनियादी

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. विनोबा, काका कालेलकर, झाकीर हुसेन आणि काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री हजर होते. सात वर्षं सक्तीचं मोफत शिक्षण, मातृभाषा हेच माध्यम आणि हातोद्योग हाच शिकण्याचा कणा, असे ठराव झाले. झाकीर हुसेन समितीनं त्यावरून सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी अभ्यासक्रम आखला. ‘वर्धा योजना’ म्हणून देशभर चर्चा झाली ती याचीच.

चौदाव्या वर्षी मात्र योजना थांबत होती. आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते, घरच्यांशी खटके उडतात आणि पुष्कळ घरांत मुलीचं बाहेर जाणं बंद होतं, त्याच वयात. ही उणीव भरून काढायचं ठरलं ते जानेवारी १९४५मध्ये, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या परिषदेत. तिथे ही योजना, म्हणजेच नई तालीम, जन्मापासून मरणापर्यंत पसरली आणि चौदा ते अठरा वयाच्या टप्प्याला नाव मिळालं उत्तर बुनियादी.

ही योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाची धुरा आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांच्याकडे होती. दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. आर्यनायकम मूळचे श्रीलंकेचे. किशोरवयीन मुलांना त्यांनी नुसता उपदेश केला नाही, खरी जबाबदारी दिली. उत्तर बुनियादीच्या विद्यार्थ्यानं आपलं अन्नवस्त्र आपल्या श्रमातून मिळवावं, अशी अपेक्षा होती. शेती, गोशाळा, कताई-विणाई, संडाससफाई, स्वयंपाक ही सगळी कामं मुलगे आणि मुली दोघंही करत. वसतिगृहाचा कारभार मुलांनी निवडलेले मंत्री पाहत आणि आमसभेत त्याचा हिशेब देत. भाजी का संपली, याचं उत्तर पंधरा वर्षांच्या अन्नमंत्र्याला साऱ्या मित्रमैत्रिणींसमोर द्यावं लागे. या वयाला एवढा विश्वास त्या काळी क्वचितच कुठे मिळत असेल.

१९४४ साली शांतिनिकेतनचेच देवी प्रसाद सेवाग्रामात कलाशिक्षक म्हणून आले. मनातला कल्लोळ शब्दांत न मांडणाऱ्या मुलांना रंग आणि कुंभाराचं चाक मिळालं. नई तालीम म्हणजे नुसता चरखा, असं मानणाऱ्यांनी त्यांचं काम पाहायला हवं. कला हा शिक्षणाचा पाया आहे, असं त्यांनी आयुष्यभर मांडलं.

आक्षेप पहिल्या दिवसापासून होते, आणि ते हलके नव्हते. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी १९३७च्या परिषदेतच स्वावलंबनाच्या कल्पनेवर हरकत घेतली. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची, तर शिक्षकाचा मुकादम व्हायला किती वेळ लागतो? झाकीर हुसेन समितीलाही हा धोका दिसत होता. कमाईपायी शिकणं मागे पडू नये, असं तिनं अहवालात बजावलं. सूत किती निघालं एवढंच मोजलं गेलं तिथे ही भीती खरी ठरली. कामातून प्रश्न उभे करणारा शिक्षक जिथे होता, तिथे मुलं बहरली.

त्याचं ठसठशीत उदाहरण डॉ. अभय बंग. ठाकुरदास आणि सुमन बंग यांचा हा मुलगा सेवाग्रामच्या शाळेत शिकला. त्या दिवसांबद्दल त्यांनी आत्मीयतेनं लिहिलं आहे. गुरांसाठी पाण्याचा हौद बांधायचा, म्हणून गाय दिवसाला किती पाणी पिते इथपासून गणित सुरू व्हायचं. कमी खर्चात सकस जेवण करायचं, म्हणून आहारशास्त्र स्वयंपाकघरात शिकावं लागायचं. तेरा वर्षांचे असताना त्यांनी आणि थोरल्या भावानं, अशोकनं, आयुष्याची वाटणी करून टाकली : खेड्याची शेती अशोकनं सुधारायची, आरोग्य अभयनं. दोघांनीही तो शब्द पाळला.

शाळा मात्र टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर नोकरीसाठी प्रमाणपत्र लागायचं, महाविद्यालयाची दारं मॅट्रिकच्या गुणांवर उघडायची. गावातल्या पालकांनाही पोरानं पुन्हा शेण-मातीतच राहावं असं वाटत नव्हतं. त्यांना दोष देता येत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सक्तीचे श्रम केले, त्यांना श्रमाची थोरवी कुणी वेगळी का सांगावी? अखेर सेवाग्रामची शाळा बंद पडली. २००५ साली नई तालीम समितीनं त्याच परिसरात ‘आनंद निकेतन’ सुरू केलं. शेती, स्वयंपाक, कताई तिथे पुन्हा आली, आता मराठी माध्यमातल्या नेहमीच्या विषयांच्या जोडीला.

एका बाबतीत जुनी नई तालीम अबोल राहिली, असं वाटतं. ब्रह्मचर्याच्या आदर्शाखाली वाढलेल्या त्या परिसरात शरीराचे प्रश्न मोकळेपणानं विचारणं सोपं नसणार. पाळी, आकर्षण, लैंगिकता यांवर किशोरांशी थेट बोलणारा ‘तारुण्यभान’ हा उपक्रम पुढे अभय बंग यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीहून उभा केला.