पिंजऱ्यातले हवाई प्रवासी

घरचा कुत्रा किंवा मांजर विमानाने न्यायचे ठरले, की आपण आधी कागदपत्रांच्या मागे लागतो. लसीकरणाचा दाखला, मायक्रोचिप, विमान कंपनीची परवानगी. हे सारे हवेच. पण प्राण्यांच्या हवाई प्रवासाचा इतिहास पाहताना मला जाणवते, की खरा प्रश्न कागदांपलीकडचा आहे. त्या मुक्या जिवाची तयारी कोणी केली?

१९ सप्टेंबर १७८३ रोजी फ्रान्समध्ये व्हर्साय येथे, सोळाव्या लुई राजासमोर, माँगोल्फिए बंधूंचा उष्ण हवेचा फुगा आकाशात चढला. त्याखाली टांगलेल्या वेताच्या पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. वरच्या हवेत जीव तगतो का, हे माणसाला पाठवण्याआधी पाहायचे होते. सुमारे आठ मिनिटांनी, तीनेक किलोमीटरवर फुगा उतरला. तिघेही जिवंत होते. कोंबड्याचा पंख तेवढा दुखावला होता. तो उंचीचा परिणाम असावा अशी शंका आली. पण कारण निघाले मेंढीची लाथ! दोष हवेचा नव्हता, पिंजऱ्याचा होता.

पुढची गोष्ट एका मांजराची. ऑक्टोबर १९१० मध्ये वॉल्टर वेलमन यांचे ‘अमेरिका’ हे हवाई जहाज अटलांटिक ओलांडायला निघाले. त्यावर किडो नावाचे मांजर होते. जमीन सुटताच ते बिथरले, ओरडत सैरावैरा धावू लागले. जहाजावर बिनतारी यंत्र होते. हवेतून धाडलेल्या अगदी सुरुवातीच्या संदेशांपैकी एक होता, ‘हे मांजर घेऊन जा’ अशा अर्थाचा! त्याला पिशवीत घालून खालच्या बोटीत सोडायचा प्रयत्न झाला, पण समुद्र खवळलेला असल्याने ते जमले नाही. पुढे मात्र किडो रुळले. मोहीम फसली, तरी सहा माणसांबरोबर तेही सुखरूप वाचले. मांजर हवेला भ्याले नव्हते. अनोळखी जागेला आणि आवाजाला भ्याले होते.

या दोन्ही गोष्टींतले शहाणपण आजच्या नियमांत आणि पशुवैद्यांच्या सल्ल्यात दिसते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार पिंजऱ्यात प्राण्याला उभे राहता, बसता, वळता आणि नैसर्गिकपणे पहुडता आले पाहिजे. एका कुत्र्यासाठी पिंजऱ्याची रुंदी त्याच्या खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट लागते. प्राण्यांना ठेवतात त्या मालकक्षात हवेचा दाब प्रवासी कक्षासारखाच राखलेला असतो. तरीही चपट्या नाकाच्या पग, बुलडॉगसारख्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास संभवतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना मालकक्षातून नेत नाहीत. गुंगीचे औषधही सहसा टाळावे. त्याने रक्तदाब उतरतो, श्वास आणि तोल बिघडू शकतो, आणि त्या वेळी लक्ष द्यायला जवळ कोणी नसते.

मग करायचे काय? काही आठवडे आधी पिंजरा घरात आणून दार उघडे ठेवावे. आत रोजचे अंथरूण घालावे, खाऊ तिथेच द्यावा. आधी काही मिनिटे, मग तासभर दार लावून पाहावे. युरोपला जायचे असेल, तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि नंतर तीन महिने थांबणे, असा क्रम आपल्याकडून जाणाऱ्यांना पाळावा लागतो. ही सक्तीची सवड मला वरदान वाटते. तेवढ्या अवधीत पिंजरा त्याचे घर होऊ शकतो. किडोला ती सवड कोणी दिली नव्हती.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)