व्यावसायिक विदा बॅकअप

विदा बॅकअप म्हणजे संगणकावरील माहितीची मूळ ठिकाणापासून वेगळी ठेवलेली राखीव प्रत. मूळ माहिती नष्ट झाल्यास किंवा बिघडल्यास या प्रतीवरून ती पूर्ववत करता येते. मध्यम आकाराच्या उद्योगांत हिशेब, मालसाठा, वेतनपत्रके आणि ग्राहकांच्या नोंदी संगणकावर असतात. मात्र त्यांच्या देखभालीसाठी मोठा स्वतंत्र विभाग बहुधा नसतो. त्यामुळे बॅकअपची व्यवस्था निवडताना खर्चाइतकाच तिच्या विश्वासार्हतेचा विचार करावा लागतो.

गरजांची निश्चिती

निवडीपूर्वी दोन गोष्टी ठरवल्या जातात. किती वेळाची माहिती गमावणे परवडेल, या मर्यादेस 'रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह' म्हणतात. कामकाज किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे, या मर्यादेस 'रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह' म्हणतात. फक्त रात्री प्रत घेतली जात असेल, तर सायंकाळच्या बिघाडात दिवसभराचे काम वाया जाते.

प्रकार

पूर्ण बॅकअपमध्ये सर्व माहितीची प्रत घेतली जाते. वाढीव बॅकअपमध्ये आधीच्या बॅकअपनंतर बदललेला भागच साठवला जातो, तर फरकाधारित बॅकअपमध्ये शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे सर्व बदल साठवले जातात. वाढीव पद्धतीला जागा कमी लागते. परंतु माहिती पूर्ववत करताना पूर्ण प्रत आणि तिच्यानंतरच्या सर्व वाढीव प्रती क्रमाने लागतात.

३-२-१ नियम

मूळ धरून माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी असावी, असा हा नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनामुळे तो प्रसिद्ध झाला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या विदाकेंद्रास आग लागली. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रतीही तेथेच होत्या, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची नष्ट झाली.

'रेड' ही अनेक डिस्क जोडण्याची पद्धत बॅकअपला पर्याय ठरत नाही. ती डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते. पण चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच वेळी जाते. रॅन्समवेअर जाळ्याशी जोडलेल्या राखीव प्रतींपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून एक प्रत जाळ्यापासून तोडलेली किंवा बदलता न येणारी ठेवतात.

भारतातील तरतूद

कंपनी (लेखा) नियम, २०१४ नुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. २०२२ मधील दुरुस्तीने तो दररोज घेणे आवश्यक झाले.

पुनःप्राप्तीची चाचणी

बॅकअप घेतला जात आहे एवढ्यावरून तो उपयोगी पडेल, असे सिद्ध होत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य विदासंच चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने अयशस्वी होत होता आणि त्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. त्यामुळे हा दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता. सुमारे सहा तास आधी वेगळ्या कामासाठी घेतलेल्या प्रतीवरून सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळातील विदासंचातील नोंदी मात्र परत मिळाल्या नाहीत. त्यामुळे राखीव प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून पाहण्याची चाचणी ठरावीक काळाने घेणे आणि त्यास लागलेला वेळ नोंदवणे, हा बॅकअप व्यवस्थेचा आवश्यक भाग मानला जातो.