दहावा माणूस आणि गॅलरीतल्या बायका

सिनेगॉगमधल्या स्त्रियांबद्दल बोलायचं तर आधी दहा हा आकडा समजून घ्यावा लागतो. ज्यूंची सार्वजनिक प्रार्थना पूर्ण व्हायला दहा प्रौढ माणसं लागतात. त्याला मिनियान म्हणतात, आणि परंपरेत माणसं म्हणजे पुरुष. नऊ पुरुष आणि पन्नास बायका जमल्या तरी मिनियान होत नाही. बायका बसणार वेगळ्या, पुष्कळ ठिकाणी वरच्या गॅलरीत. तोराह वाचायला त्यांना बोलावणं नाही.

आपल्याला वाटतं, हे पहिल्यापासून असंच ठरलेलं असणार. पण तालमूदच्या मगिल्ला या भागात मोठी गमतीची चर्चा आहे. शब्बाथला तोराह वाचायला सात जणांना बोलावतात. त्या सातांत स्त्रीलाही धरता येतं, असं तिथे चक्क म्हटलंय! आणि लगेच पुढे, तरीही समाजाचा मान राखायचा म्हणून तिने वाचू नये. म्हणजे प्रश्न तिच्या पात्रतेचा नव्हताच, समोर बसलेल्यांच्या अब्रूचा होता. माझ्या मते पुढची सगळी भांडणं या 'माना'वरूनच झाली.

लंडनमध्ये लिली माँटेग्यू यांनी १९०२ साली ज्युइश रिलिजस युनियन काढली. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसत. १९१८ साली तिथल्या लिबरल सिनेगॉगमध्ये त्यांनी स्वतः प्रवचन दिलं.

त्याच काळात एक बेने इस्राएल मुलगी लंडनला डॉक्टरकी शिकत होती. जेरुशा झिराड. आडनाव आपल्या अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेलं. १९१९ साली त्या एम.डी. झाल्या, आणि १९२५ साली मुंबईत त्यांनी याच नावाची युनियन सुरू केली. आजचं रोडेफ शालोम सिनेगॉग त्यातूनच उभं राहिलं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून त्यांना सगळे ओळखतात, हे दुसरं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. घरी एलियाहू हनाबीच्या मलिद्याचे पोहे बायकांनी भिजवायचे, खोबरं बायकांनी खवायचं आणि प्रार्थना पुरुषांनी म्हणायची, अशा समाजात हे घडलं, एवढं लक्षात घ्या.

मुंबईतली बहुतेक सिनेगॉगं जुन्या वळणाचीच राहिली. १९४८ नंतर हजारो माणसं इस्राएलला गेली. आता काही ठिकाणी दहावा पुरुष येईपर्यंत थांबावं लागतं, आणि बायका तर कधीच्या येऊन बसलेल्या असतात.