धाव : लोखंडाची, रबराची, हवेची

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी गोल पट्टी बसवलेली असते, तिला आपल्याकडे ‘धाव’ म्हणतात. सुताराने तुंब्यात आरे बसवून चाक तयार करायचे. लोहाराने चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान पट्टी वळवायची, ती जाळात लाल करायची, चाकावर चढवायची आणि लगेच वर पाणी ओतायचे. पट्टी आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. चाकाचा जमिनीला लागणारा, झिजणारा आणि सर्वांत जास्त पळणारा भाग तो हाच. ज्या कुणी पहिल्यांदा त्याला ‘धाव’ म्हटले, त्याच्या शब्दज्ञानाला दाद द्यायला हवी. इंग्रजीतला ‘टायर’ आपण घेतला तो हवेबरोबर. त्याआधीची आपली धाव होतीच.

आज ही आठवण काढण्याचे कारण लहानसेच आहे. वीस इंची चाकांच्या, ठेंगण्या पण मजबूत अशा बीएमएक्स सायकली चालवणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. सायकल हलकी करायची तर आधी काय बदलावे? जाणकार सांगतात, टायर. हँडल नाही, सीट नाही, आधी टायर. असे का, याचे उत्तर शोधू लागलो तर वाट थेट दीडशे वर्षे मागे जाते, आणि वाटेत आपल्या गल्लीतला पंक्चर काढणाराही भेटतो.

आधी साधा हिशेब पाहू. सायकल पुढे जाते तेव्हा तिचा प्रत्येक भाग पुढे सरकतो. चाकाचा बाहेरचा घेर मात्र पुढेही सरकतो आणि गोलही फिरतो. त्यामुळे उभ्या सायकलीला वेग देताना घेरावरच्या एक किलोला जवळजवळ दोन किलोइतका जोर लागतो. एकदा वेग धरला की हा फरक उरत नाही आणि चढावर वजन ते वजनच. पण बीएमएक्सची शर्यत असते चाळीसएक सेकंदांची. सुटायचे, उडायचे, वळायचे, पुन्हा वेग धरायचा. सारा खेळ वेग धरण्याचा. म्हणून तिथे टायरच्या ग्रॅमांना मोल. साध्या तारेचा जाड टायर साधारण साडेसातशे ग्रॅम धरला आणि हलका साडेचारशे, तर दोन चाकांवर सहाशे ग्रॅम वाचले. वेग धरताना ते बाराशे ग्रॅमसारखे वाटतील. मुलगा आणि सायकल मिळून साठ किलो असतील, तर फायदा झाला शंभरात दोन. शर्यतीत दोन म्हणजे पुष्कळ. शाळेत जाताना दोन म्हणजे काहीच नाही.

आता मागे जाऊ. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पायडलची सायकल आली, तेव्हा तिची चाके लाकडाची होती आणि त्यांवर लोखंडी पट्टी होती. म्हणजे आपल्या बैलगाडीचीच धाव. दगडी रस्त्यावर ती अशी हादरे द्यायची की इंग्रजांनी तिचे नावच हाडे खिळखिळी करणारी असे ठेवले. मग आले भरीव रबर. हादरे थोडे कमी झाले, पण वजन राहिले. हवा भरायची कल्पना खरे तर त्याहून जुनी. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, घोडागाडीसाठी. ते लोक विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली आणि पेटंट मिळवले. पुढे थॉमसनच्या जुन्या कागदामुळे ते रद्द ठरले, पण नाव डनलॉपचेच राहिले.

याच १८८८ साली आपल्याकडे काय चालले होते? मुंबईत शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ज्या उद्योगघराण्याचे नांगर आणि पंप पुढे शेताशेतांत गेले, त्याची सुरुवात सायकलीपासून झाली. हवेचा टायर आणि मराठी माणसाचे सायकलीचे दुकान एकाच वर्षाचे, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

मे १८८९ मध्ये विली ह्यूम हा सायकलपटू बेलफास्टच्या मैदानात हवेचे टायर लावून उतरला. ते फुगीर टायर पाहून लोक हसले आणि तो जिंकत गेला तसे गप्प झाले. हवा जिंकली. पण हवेबरोबर एक नवी गोष्ट जगात आली, जी लोखंडी धावेला ठाऊकच नव्हती. पंक्चर.

लोखंडी पट्टी झिजते, पण वाऱ्यावर जात नाही. भरीव रबराला खिळा लागला तर लागला. हवेचा टायर मात्र एका काट्याने बसतो. शिवाय डनलॉपचा पहिला टायर रिमला कापड गुंडाळून चिकटवलेला असे. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ गावी १८८९ मध्ये एक सायकलस्वार बसलेला टायर घेऊन मिशलँ बंधूंच्या रबर कारखान्यात आला. दुरुस्तीला काही तास लागले आणि चिकटवलेले वाळायला रात्र गेली. एदुआर मिशलँ यांनी त्यातून धडा घेतला आणि १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने मिशलँच्या टायरवर जिंकली. तेव्हा टायरचा इतिहास हा वेगाइतकाच दुरुस्तीचाही इतिहास आहे. चाक जितके हलके झाले, तितके ते दुरुस्त करणाऱ्या हातावर अवलंबून राहू लागले.

या हलकेपणाचा सर्वांत जड भार कुणी उचलला, तेही सांगायला हवे. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलींची लाट आली, रबराची मागणी भडकली आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोत रानातले रबर गोळा करण्यासाठी माणसे वेठीला धरली गेली. ठरलेला भरणा झाला नाही म्हणून गावे जाळली, माणसे मारली, हात तोडले. रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालाने हे जगासमोर आले आणि १९०८ मध्ये राजाच्या हातून तो मुलुख काढून घ्यावा लागला. पॅरिसच्या रस्त्यावर अलगद धावणाऱ्या चाकाखाली हे होते.

दुसरा दाखला मलायाचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य तिथे उतरले आणि हजारो सैनिक सायकलींवरून सिंगापूरच्या दिशेने निघाले. उष्ण रस्त्यांवर टायर फुटत होते. प्रत्येक तुकडीबरोबर सायकल दुरुस्त करणारे सैनिक होते आणि ते दिवसाला वीसएक सायकली दुरुस्त करत, असे त्यांच्याच एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. तेही पुरेना तेव्हा सैनिक टायर काढून नुसत्या रिमवर चालवू लागले. रात्री तो खडखडाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आले असे वाटे. शेवटी पुन्हा लोखंडी धाव!

आपल्याकडे हे हात शांतपणे, कोपऱ्याकोपऱ्यावर काम करत आले. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. अशा प्रवासात पंक्चर काढता येणे हीच खरी विद्या. बाकी आपण सामान्य माणसे तासाच्या भाड्याने सायकल घेणारी. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीटला दंड, हे ज्यांनी पाहिले त्यांना दुकानाबाहेरचे पाण्याचे घमेलेही आठवत असेल. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा कुठून येतो ते पाहायचे, तिथे बोट ठेवून पुसायचे, कानशीने खरवडायचे, सोल्युशन लावायचे, फुंकर घालायची, ठिगळ ठोकायचे. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या पोटातून हळूच हात फिरवायचा, कारण काटा अजून आतच असतो. ही शेवटची गोष्ट घाईचा माणूस विसरतो, कारागीर विसरत नाही.

‘पंक्चरवाला’ हा शब्द हल्ली माझ्या समाजाला हिणवायला वापरला जातो. या धंद्यात मुसलमान पुष्कळ आहेत, हे खरे. महामार्गांवर टायरच्या दुकानात केरळी माणूस भेटतो, गावात कुणीही भेटतो. हिणवणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की डनलॉपने हवा भरली, पण ती टिकवली या हातांनी. दुरुस्त करणारा नसता, तर हवेचा टायर श्रीमंतांचे खेळणे होऊन राहिला असता. शाळामास्तर, दूधवाला, पोस्टमन, कामगार यांची सायकल चालती राहिली ती काही पैशांत काढलेल्या पंक्चरवर.

आता पुन्हा बीएमएक्स. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मोटरसायकलच्या शर्यतींची नक्कल करणाऱ्या पोरांनी हा खेळ सुरू केला. १९८२ च्या ‘ई. टी.’ या चित्रपटाने ती सायकल जगभर नेली आणि २००८ मध्ये बीजिंगला ती ऑलिंपिकमध्ये पोहोचली. तिच्या हलक्या टायरमध्ये कडेला पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर असतो. हा धागा १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या संशोधिकेच्या कामातून निघाला. त्यामुळे टायर घडी घालून खिशात ठेवता येतो. बाकी वजन घटते ते मुख्यतः रबर आणि कापड पातळ करून. आणि पातळ म्हणजे नाजूक, हा नियम १८८८ पासून बदललेला नाही.

अलिबागला हे जास्त लागू पडते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईचे सायकलस्वार थेट सायकलीसह उतरू लागले. त्यांच्या गुळगुळीत, पातळ टायरांकडे आमची पोरे डोळे भरून पाहतात. पण इकडे जांभ्याची खडी आहे, पावसाळ्यानंतरचे खड्डे आहेत, किनाऱ्यावर सुरीसारखे धारदार कालवांचे शिंपले आहेत आणि खाऱ्या हवेने रिमला चढणारा गंज आहे. पातळ टायरची बाजू शिंपल्याने चिरली, तर तिला ठिगळ नीट बसत नाही. टायरच टाकावा लागतो. शर्यतीला उतरणाऱ्याने हलका टायर जरूर घ्यावा, रोजच्यासाठी जाडच ठेवावा. आणि दोन्ही घेणाऱ्याने आधी स्वतः पंक्चर काढायला शिकावे. ते शिकवणारे उस्ताद अजून नाक्यावर बसलेले आहेत. विचारले तर शिकवतात. फक्त त्यांना ‘अहो’ म्हणून हाक मारावी.