जावा एंजिनाचे पुनश्चालन

दीर्घकाळ बंद राहिलेले जावा मोटारसायकलचे एंजिन प्रथम चालविण्यापूर्वी करावयाची तयारी. मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील या गाडीचे उत्पादन म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून होऊ लागले. १९७३ पासून ती येझदी या नावाने निघू लागली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडल्याने मूळ बनावटीचे सुटे भाग नव्याने निघणे थांबले. जुने एंजिन जपावे लागते ते त्यामुळेच.

हे २५० घ. सेंमी. वर्गातील द्विधाव एंजिन असून पेट्रोलात मिसळलेले तेल हेच दट्ट्याचे वंगण होय. रेणापूर (जि. लातूर) भागातील कोरड्या, उष्ण हवेत लोखंड कमी गंजते, पण क्रँकदंडावरील रबरी सील वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचे सील निकामी झाल्यास गिअरपेटीतील तेल ओढले जाऊन दाट धूर निघतो व दोष ध्यानात येतो. जनित्राच्या बाजूने मात्र हवा शिरते, ती दिसत नाही. इंधनमिश्रण विरल होऊन दट्ट्या तापतो व सिलिंडरात अडकतो. पहिल्या किकेस सुरू झालेले एंजिन म्हणूनच निर्दोष ठरत नाही.

प्रथम स्पार्क प्लग काढून सिलिंडरात थोडे तेल सोडतात व दट्ट्या सावकाश हलवून पाहतात. अडल्यास जोर लावीत नाहीत. टाकी व कार्ब्युरेटर धुऊन ताजे तेलमिश्रित पेट्रोल भरतात आणि दोन्ही सील बदलल्यावरच किक मारतात.